‘सेट’ ह्या एका शब्दाची किती कामं? कोल्हापुरात कुठं काय म्हणतात ते लिहा

शब्दखोड

“सेट झालं का?” हा प्रश्न उद्यमनगरातल्या कारखान्यांत, बांधकामावर, गुजरीतल्या सराफांकडं आणि छापखान्यात दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. दर ठिकाणी विचारणाऱ्याच्या मनात निराळी गोष्ट असते. आयटीआयच्या पोरांसाठी एक छोटी शब्दसूची करायचं चाललंय, त्यात ह्याच शब्दापाशी गाडी अडलीय.

थोडी पार्श्वभूमी. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ ला आली. तिच्यात सगळ्यांत लांब नोंद ह्याच क्रियापदाची होती. मजकूर सुमारे ६०,००० शब्दांचा, नुसत्या क्रियापदाचे अर्थ ४३० आणि वाक्प्रचार धरले तर ५८० च्या घरात. २०११ मध्ये ‘रन’नं ६४५ अर्थ घेऊन त्याला मागं टाकलं.

मुळात हे दोन वेगळे शब्द एकमेकांत मिसळलेत. ‘ठेवणे, बसवणे’ हे क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, ‘सिट’चं प्रयोजक रूप. बसणे–बसवणे तसंच सिट–सेट. ‘संच, गट’ ह्या अर्थाचं नाम मात्र लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे आलेलं. क्रियापदाचं मूळ आपल्या ‘सद्’ धातूशी जुळतं, म्हणजे सदन, परिषद, संसद ही सगळी लांबची भावकी.

तर आपापल्या कामात ह्याला मराठी क्रियापद कुठलं आणि घोटाळा कुठं होतो, एवढं लिहा. कोशातलं नको, तोंडातलं पाहिजे.

---

थापी_ओळंबा

बांधकामापासून सुरुवात करूया. सिमेंट ‘धरतं’. मिस्त्री “माल धरला” म्हणतो, इंजिनिअर “सेट झाला” म्हणतो, गोष्ट एकच.

पण ह्यात दोन टप्पे आहेत. सुरुवातीचं धरणं ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि शेवटचं धरणं ६०० मिनिटांच्या पुढं जाता कामा नये, ही साध्या पोर्टलँड सिमेंटला आयएसची, म्हणजे भारतीय मानकाची, अट. प्रयोगशाळेत विकॅटच्या यंत्रानं बघतात. एक चौरस मिलिमीटर छेदाची सुई लगद्यावर सोडायची. ती तळापासून साधारण ५ मिलिमीटरवर अडायला लागली की पहिलं धरणं झालं. ही परीक्षा २७ अंशांना होते. एप्रिलमध्ये पत्र्यावर पसरलेल्या मालाला हा हिशोब लागू नाही, तिथं वेळ कमी मिळतो.

घोटाळा असा. धरायला लागलेल्या मालात पाणी मारून पुन्हा कालवतात. हाताला मऊ लागतो, कामगाराला सोपं जातं, पण ताकद गेलेली असते. तो माल टाकूनच द्यायचा.

एक अपवाद आहे. कालवल्यावर दोन-पाच मिनिटांतच माल आखडला आणि ऊब जाणवली नाही, तर ते ‘फॉल्स सेट’ असू शकतं. सिमेंट दळताना गिरणी तापते, त्यात जिप्समचं पाणी उडतं आणि मग असं होतं. पाणी न घालता नुसतं पुन्हा फिरवलं की माल सैल होतो. पण माल गरम होऊन आखडला तर तो ‘फ्लॅश सेट’. जिप्सम कमी पडल्याची ती खूण, तिला इलाज नाही.

---

कडेगोड

सेट झालं म्हणजे वाळलं, एवढंच ना? इतकं काय त्यात?

---

थापी_ओळंबा

@कडेगोड नाही भावा, तिथंच तर सगळी गोची आहे. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन धरतं, पाणी उडून नाही. ते वाळलं तर क्रिया थांबते. म्हणून तर स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचं. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला निदान १० दिवस.

आणि धरणं वेगळं, ताकद येणं वेगळं. स्लॅब दुसऱ्या दिवशी कडक लागतो म्हणून टेकू काढायचे नसतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस, त्याच्यापुढं १४. बीमला सहा मीटरपर्यंत १४, पुढं २१. उभ्या बाजूंच्या फळ्या मात्र १६ ते २४ तासांनी काढता येतात.

जाता जाता, ‘सेंट्रिंग’चा ‘सेट’शी काही संबंध नाही. कमान बांधताना खाली जो लाकडी सांगाडा लावत त्याला इंग्रजीत सेंटरिंग म्हणत, त्यावरून तो शब्द आला. बरेच जण बिलात ‘सेटिंग काम’ लिहितात, ते चूक.

---

कुंभारगल्ली

वाळणं आणि सेट होणं ह्यातला फरक बघायचा असेल तर गणपतीच्या कामात बघा. शाडू वाळतो. प्लास्टर धरतं. वाळलेला शाडू बादलीत टाकला की परत माती होते, कारण त्यात नुसतं पाणी गेलेलं असतं. धरलेलं प्लास्टर पाण्यात टाकलं तरी परत कालवता येत नाही. त्यानं पाणी स्वतःत बांधून घेतलेलं असतं आणि पुन्हा जिप्सम झालेलं असतं.

प्लास्टर धरताना साचा हाताला गरम लागतो. ती ऊब ओसरायला लागली की साच्यातून काढायची वेळ झाली समजा. मूर्ती निघाली म्हणून लगेच रंग मारायचा नाही. आत पाणी राहिलेलं असतं, रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणजे धरायला मिनिटं लागतात, वाळायला दिवस.

लवकर उरकायचंय म्हणून जुन्या धरलेल्या प्लास्टरचा चुरा बादलीत राहू देणारे असतात. त्यानं माल फार झटपट धरतो, साच्यात कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. सोंडेचं टोक नि बोटं भोकं पडून निघतात ती त्यामुळं. दर घाणीला बादली धुवायचीच.

---

अस्थी_मज्जा

हाडाच्या प्लास्टरलाही हेच. पट्टी काही मिनिटांत धरते, पण पूर्ण वाळायला एक ते तीन दिवस जातात. तोवर त्यावर भार द्यायचा नाही, उशीवर ठेवायचं. पट्टी गरम पाण्यात बुडवली तर ती लवकर धरते आणि जास्त तापते, थर जाड असेल तर कातडी भाजू शकते. कोमट किंवा साधं पाणीच घ्यायचं.

आणि हाड ‘सेट करणे’ म्हणजे ते बसवणे. ‘जुळणे’ ही पुढची, आठवड्यांची गोष्ट. “हाड सेट झालं” असं ऐकून पेशंट चालायला लागतो, म्हणून तिथं हा शब्दच वापरू नये.

---

भट्टी_शिरोली

शब्दखोड, तुमच्या सूचीसाठी सगळ्यांत खमंग उदाहरण फाउंड्रीत आहे. धातू ओतून केलेलं कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा म्हणजे कोअर. “कोअर सेट झाला का?” ह्या एका वाक्याचे एकाच शेडमध्ये दोन अर्थ.

कोअर शॉपमध्ये त्याचा अर्थ, वाळू कडक झाली का. मोल्डिंग लाइनवर अर्थ, कोअर साच्यात ठेवून झाला का. पहिल्याचं उत्तर “हो” असलं तरी दुसऱ्याचं “नाही” असू शकतं. शिफ्ट बदलताना फळ्यावर नुसतं “कोअर सेट” लिहिलं की पुढच्या पाळीला कळत नाही. आमच्याकडची माणसं आता “कडक” आणि “बसवला” असे दोन रकाने करतात.

कडक होण्याबद्दल. सोडियम सिलिकेटची वाळू असेल तर सिलिकेट वाळूच्या वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के, मग कार्बन डायऑक्साइड सोडायचा. जास्त गॅस दिला की जास्त कडक, असं नवख्याला वाटतं. होतं उलटंच. गॅस अति झाला की कोअरची धार हातानं चोळली तरी भुरभुर गळते, आणि दोन दिवस ठेवला तर आणखी बिघडतो.

फ्युरान रेझिनची वाळू असेल तर रेझिन वाळूच्या साधारण १ टक्का आणि ते कडक करणारं कॅटॅलिस्ट रेझिनच्या ३० ते ५० टक्के. उन्हाळ्यात कॅटॅलिस्ट कमी करायचं. पावसाळ्यात हवेत ओल असते, क्रियेतून सुटणारं पाणी उडून जात नाही आणि धरायला वेळ लागतो. इथंही दोन वेळा ध्यानात ठेवायच्या: वाळू भरायला मिळणारी वेळ आणि पॅटर्न (ज्याच्याभोवती वाळू ठोकतात तो नमुना) काढायची वेळ. पहिली उलटून गेल्यावरही वाळू ठोकत राहिलात तर जुळत आलेली जोडणी तुटते. साचा वरून बरा दिसतो, धातू ओतल्यावर वाळू सुटते आणि कास्टिंगमध्ये वाळूची भोकं.

आणि बसवण्यात चूक झाली, कोअर एका बाजूला सरला, तर एकीकडची भिंत जाड आणि एकीकडची पातळ. ती मशीनवर गेल्यावरच उघडी पडते.

---

दशांश_शून्य_एक

बरोबर, आमच्याकडं आल्यावरच उघडी पडते, आणि शिव्या आधी आम्हाला :)

मशीन शॉपमध्ये ‘सेट’ म्हणजे लावणे किंवा जुळवणे. ‘सेटर’ हे तर हुद्द्याचं नाव. ऑपरेटर जॉब चालवतो, सेटर जॉब लावून देतो. टूल लावणे, जॉ (जॉब पकडणारे जबडे) लावणे, ऑफसेट (टूलच्या मापाचे आकडे) भरणे, पहिला पीस काढून मोजून देणे, एवढं सगळं ‘सेटिंग’मध्ये आलं.

पोरं हमखास चुकतात ती जागा सांगतो. सीएनसी लेथवर एक्सचं, म्हणजे टूलच्या आडव्या सरकण्याचं, माप व्यासात असतं. बाहेरचा व्यास ५०.०० हवा आणि आला ५०.०४, तर एक्सच्या वेअर ऑफसेटला (टूल झिजल्याची दुरुस्ती भरायची जागा) उणे ०.०४ द्यायचं. बरेच जण “टूल एकाच बाजूनं कापतंय” असा विचार करून निम्मं, म्हणजे ०.०२ देतात. मशीन निम्मं स्वतःच करतं. तुम्ही परत निम्मं केलंत की माप अर्ध्यावरच राहतं.

बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, खूण उलटी. ३०.०० हवा, आला २९.९६, तर अधिक ०.०४. बाहेरच्या व्यासाच्या सवयीनं उणे टाकलं की बोअर आणखी लहान.

तिसरी चूक: टूल नव्यानं मोजून घेतलं पण वेअरमधला जुना आकडा शून्य केला नाही. मग पहिलाच पीस बाद.

साध्या लेथवर टूलची उंची ‘सेंटरला सेट’ करतात. टूल सेंटरच्या खाली राहिलं तर फेसिंगनंतर (जॉबचं तोंड सपाट केल्यावर) मधोमध बारीक टोक उरतं. ते बघूनच कळतं, वेगळं मोजायची गरज नाही.

---

शब्दखोड

म्हणजे आत्तापर्यंत: धरणे, वाळणे (हे नव्हेच), बसवणे, ठेवणे, कडक होणे, लावणे, जुळवणे. शाळेतला ‘संच’ अजून कुणी काढला नाही. नववीच्या गणितात पहिलं प्रकरणच ‘संच’. त्यात एकच घटक दोनदा धरत नाहीत आणि क्रमाला किंमत नाही. त्या हिशोबानं सहा सारख्या ताटांचा डिनर सेट म्हणजे एकच ताट झालं!

---

कडेगोड

😂 पाहुण्यांना सांगतो, संच आहे, वाटून घ्या.

---

खिळे_जुळारी

छापखान्याचं बघा. टाइपसेटिंगला मराठीत ‘अक्षरजुळणी’ हा नेमका शब्द आहे, शिशाचे खिळे जुळवणारा तो जुळारी. आता खिळे गेले, शब्द लेटरहेडवर राहिला.

शाईच्या बाबतीत मात्र गंमत आहे. वर प्लास्टर आणि सिमेंटवाल्यांनी सांगितलं, धरणं म्हणजे रासायनिक क्रिया आणि वाळणं म्हणजे पाणी उडणं. ऑफसेटच्या शाईचं बरोबर उलटं. तिचं सेट होणं म्हणजे पातळ तेल कागदात शोषलं जाणं, हे मिनिटांत होतं. वाळणं म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया होऊन फिल्म कडक होणं, त्याला तास लागतात. बोट लावल्यावर डाग पडला नाही म्हणून शाई वाळली असं समजून लग्नपत्रिका कापायला घेतल्या की कटिंगच्या दाबाखाली पाठीमागं छाप उमटतो.

ह्या पाठीमागं छाप उमटण्याचं नाव ‘सेटऑफ’. उपाय: गठ्ठे लहान ठेवायचे, स्प्रे पावडर मारायची, शाई जरुरीपेक्षा जाड चढवायची नाही, आर्ट पेपरला रात्रभर सोडायचं. आणि ‘ऑफसेट’ हे छपाईचं नाव वेगळ्या कारणानं: प्लेटवरची प्रतिमा आधी रबराच्या ब्लँकेटवर उतरते, तिथून कागदावर.

---

खतावणी

सेटऑफ म्हटल्यावर आम्ही आलोच. लक्ष्मीपुरीतला व्यापारी “सेटऑफ मिळाला का?” विचारतो तेव्हा त्याला शाईचं काही पडलेलं नसतं.

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट होता, त्या कायद्यात खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीला सेटऑफ हेच अधिकृत नाव होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, नाव झालं इनपुट टॅक्स क्रेडिट, पण तोंडात जुनंच बसलंय. नुसता शब्द असता तर चाललं असतं. पण जुन्या सवयीनं सगळं क्रेडिट एका डब्यात आहे असं धरतात. केंद्राच्या जीएसटीचं क्रेडिट राज्याच्या जीएसटीला लावता येत नाही, उलटही नाही. आयजीएसटीचं, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरच्या जीएसटीचं, क्रेडिट आधी संपवायचं.

आयकरात सेटऑफ म्हणजे एका बाजूचा तोटा दुसऱ्या बाजूच्या नफ्यातून वजा करणे. तीन ठिकाणी तीन अर्थ, आणि मराठीत ‘वजावट’ किंवा जुना ‘मुजरा’ शब्द धडधडीत हजर असताना.

---

वकीलपत्र

चौथा मी देतो. फौजदारीत सेटऑफ म्हणजे कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होणं. जुन्या संहितेत कलम ४२८, आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४६८.

पण आमच्याकडं जास्त नुकसान करणारा शब्द ‘सेट असाइड’. भाषांतरात सरळ “आदेश बाजूला ठेवला” लिहितात. पक्षकाराला वाटतं, अजून टेबलावर आहे, पुढं कधीतरी बघतील. त्याचा अर्थ रद्द केला. पैशाच्या बाबतीत सेट असाइड म्हणजे खरंच बाजूला काढून ठेवणे, म्हणून भाषांतरकार फसतो.

एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून घ्यायला ३० दिवस असतात, हुकूमनाम्याच्या तारखेपासून. समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर कळल्या तारखेपासून. “बाजूला ठेवण्याचा अर्ज” असा मथळा वाचून निवांत बसलात तर मुदत निघून जाते. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच बसतंय, त्यामुळं हे कागद आता गावोगावच्या माणसाच्या हातात थेट पडतात. मराठी नीट हवं.

---

दोनडोळा

शेतीतलं राहिलं. ऊस लावणीच्या इंग्रजी पुस्तिकेत ‘सेट’ म्हणजे टिपरी, लावणीसाठी तोडलेला, डोळे (कोंब फुटायच्या जागा) असलेला उसाचा तुकडा. स्पेलिंगला शेवटी एक अक्षर जास्त लावतात, पण शब्द तोच. एका भाषांतरात “दोन डोळ्यांचे संच लावावेत” असं छापलेलं आहे. संच कसला, दोन डोळ्यांची टिपरी! एकरी साधारण १०,००० लागतात. बेणं ९ ते ११ महिन्यांचं, डोळे बाजूला येतील अशी टिपरी ठेवायची. डोळा खाली गेला की कोंब मातीतून वळसा घेऊन येतो आणि उगवण मागं-पुढं होते.

‘फ्रूट सेट’ला ‘फळांचा संच’ म्हणणारे पण आहेत. तिथं फळधारणा. म्हणजे बघा, सिमेंटसारखं इथंही ‘धरणं’च. “बहर धरला”, “फळ धरलं”. पण टोमॅटोला फुलं लागली म्हणजे धरलं असं नव्हे. रात्र फार गरम गेली की फूल देठाशी गळतं.

पंपसेटमधला सेट म्हणजे पंप आणि मोटर मिळून जोडी. तो तेवढा सगळ्यांना कळतो.

---

आधण

गुळाला आम्ही सेट म्हणतच नाही, गूळ आळतो. काहिलीत पाक ११८ अंशांच्या आसपास आला की उतरवायचा. थेंब गार पाण्यात टाकला की बोटात गोळी वळली पाहिजे. काकवी हवी असेल तर १०५-१०६ लाच थांबायचं, ती आळता कामा नये.

गूळ वाफ्यात ओतूनही मऊच राहतो, रव्याचा आकार धरत नाही, तेव्हा गुळव्याला बोल लावतात. बहुतेक वेळा दोष उसाचा असतो. कोवळा, किंवा तोडून दोन-तीन दिवस पडलेला ऊस. त्यातली साखर फुटलेली असते, तिचे दाणेच धरत नाहीत. मग चुना वाढवतात. चुना जास्त झाला की गूळ काळा पडतो.

---

कवडीचं_दही

दही लागतं. डेअरीच्या कपावर ‘सेट दही’ लिहितात ते कपातच लागलेलं, आपलं कवडीचं. दूध उकळून ४२-४३ अंशांवर आणायचं, विरजण २-३ टक्के, चार ते सहा तास हलवायचं नाही. अर्धवट लागलेलं भांडं उघडून चमचा घालून बघितलं की निवळी सुटते, ती परत जात नाही. अति गरम दुधात विरजण घातलं तर विरजणच मरतं.

---

गुजरी_साज

दागिन्यात दोन सेट. एक म्हणजे हार-कानातलं-अंगठी मिळून, त्याला आपल्याकडं ‘साज’ होताच. फारसीतून आलेला, अर्थही साहित्य-सरंजाम असाच. कोल्हापुरी साजाची पानं परंपरेनं २१.

दुसरं म्हणजे खडा सेट करणे, जडवणे. कोंदणात खड्याभोवती शुद्ध सोन्याचा पत्रा दाबून बसवतात, नख्या नसतात. नख्यांच्या अंगठीत खडा हलतोय का ते कानाशी धरून टिचकी मारून बघा, खुळखुळ आवाज आला तर नखी उचललीय. घेताना पावतीवर एकूण वजन आणि खडे वजा जाता निव्वळ वजन वेगळं लिहून घ्यायचं. सोन्याचा दर निव्वळावरच.

---

नाद_खुळा_९

आणि “पोरगं सेट झालं”? नोकरी, फ्लॅट, लग्न, तिन्ही एका शब्दात. मराठीत मार्गी लागलं / स्थिरस्थावर झालं.

‘सेटिंग’ मात्र जपून. मशीनवर “सेटिंग केलं”, मोबाइलच्या “सेटिंगमध्ये जा”, इथवर ठीक. “त्यानं सेटिंग लावली” म्हटलं की टेंडर किंवा पोरगी, तिसरा अर्थ नाही.

---

शब्दखोड

@नाद_खुळा_९ हे भारी निरीक्षण आहे. काम असलं की नपुंसकलिंगी, ‘केलं’. भानगड असली की स्त्रीलिंगी, ‘लावली’.

---

दशांश_शून्य_एक

नेहमी नाही हं. आमच्या शेडमध्ये “टूलची सेटिंग बिघडली” सर्रास म्हणतात, आणि भानगड काही नसते. क्रियापदावर जास्त आहे: ‘लावली’ म्हटलं की संशय.

---

भट्टी_शिरोली

@शब्दखोड सूचीत ‘कोअर’पुढं एकच शब्द लिहू नका. “कडक झाला” आणि “बसवला” दोन्ही द्या, आणि वेगवेगळ्या ओळींवर.

---

शब्दखोड

दिले. आता अडलंय फक्त ‘सेट स्क्रू’.

---

दशांश_शून्य_एक

त्याला उद्यमनगरात कुणी सेट स्क्रू म्हणत नाही. दुकानात ‘ग्रब’ (बिनडोक्याचा स्क्रू) मागा, एलन कीचं माप सांगा.